नगरपालिकेने आपली माहिती उघडी केली, तर दाद कोठे मागावी?

घरपट्टीची पावती, जन्माचा दाखला, विवाहनोंदणी, नळजोडणी, घरकुलाचा अर्ज. नागरिक वर्षातून दोन-चार वेळा तरी नगरपालिकेच्या दारात जातो आणि दर खेपेला स्वतःविषयीची थोडी माहिती तेथे ठेवून येतो. ती पुढे कोणाच्या हाती जाते, किती दिवस राहते आणि शेवटी तिचे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांक आणि बँक खात्यासह फलकावर लागली, किंवा अर्जाला जोडलेल्या झेरॉक्स प्रती रद्दीच्या दुकानात दिसल्या, की मग प्रश्न पडतो : तक्रार करायची कोणाकडे, आणि मागायचे नेमके काय?

हा प्रश्न महानगरांपेक्षा लहान शहरांत अधिक बोचरा असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. वाशिम, कारंजा, रिसोड आणि मंगरूळपीर येथे नगरपरिषदा आहेत. मालेगाव आणि मानोरा येथे नगरपंचायती. अशा गावांत यादीतले नाव वाचले की माणूस ओळखू येतो, त्याचे घर ठाऊक असते आणि कार्यालयातला लिपिकही बहुधा ओळखीतलाच निघतो. त्यामुळे माहिती फुटण्याचा त्रास अधिक आणि तक्रार करण्याचा संकोचही अधिक. त्यातच विभागीय आयुक्त आणि माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला आणि मंत्रालय मुंबईला. म्हणून कोणते काम गावातच होते आणि कशासाठी बाहेर जावे लागते, हे आधी समजून घेणे हिताचे ठरते.

पालिकेच्या दप्तरात आपले काय असते?

नगरपालिकेकडील माहितीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, कायद्यानेच लोकांसमोर ठेवावयाची माहिती. करआकारणीची यादी हरकतींसाठी खुली ठेवावी लागते. प्रभागनिहाय मतदार यादी निवडणुकीपूर्वी प्रसिद्ध करावी लागते. आपल्या घराची आकारणी शेजाऱ्यापेक्षा जास्त का, हे विचारण्याचा हक्क या खुलेपणातूनच मिळतो.

दुसरा प्रकार, काही अंशी खुली आणि काही अंशी झाकलेली माहिती. जन्म-मृत्यूची नोंदवही हे त्याचे उत्तम उदाहरण. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदवहीचा शोध घेऊन उतारा मागता येतो. मात्र कोणालाही दिलेल्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करता येत नाही. घरातल्या माणसाचा मृत्यू कोणत्या आजाराने झाला, हे जगाला सांगण्याचा अधिकार कार्यालयाला नाही, असे संसदेने संगणकयुगाच्या कितीतरी आधी ठरवून टाकले होते. ‘खासगीपणा ही नवी शहरी कल्पना आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

तिसरा प्रकार, केवळ कामापुरती घेतलेली माहिती : आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, स्वाक्षरी, अंगठ्याचा ठसा, छायाचित्र. अर्जाची छाननी झाली की तिचे काम संपते. ती फलकावर, संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जाण्याचे काहीच कारण नसते.

नाव खुले, क्रमांक झाकलेला

तक्रार लिहिण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करावा. सरकारी पैशाच्या योजनेत लाभार्थ्याचे नाव आणि त्याला मिळालेली रक्कम ही लोकांनी पाहावयाची गोष्ट आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अर्थसाहाय्याच्या योजनांतील वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाचा असतो. ज्याचे पक्के दुमजली घर आहे त्याचेच नाव घरकुलाच्या यादीत कसे, हा प्रश्न यादी भिंतीवर लागल्यामुळेच विचारता येतो. मात्र त्याच यादीत नावापुढे आधार क्रमांक आणि बँक खाते छापण्याने पारदर्शकतेत तिळमात्र भर पडत नाही. भर पडते ती फसवणुकीच्या शक्यतेत.

म्हणून ‘यादी काढून टाका’ अशी तक्रार करू नये. ‘यादीतील आधार, खाते आणि भ्रमणध्वनी क्रमांक झाका, नाव, प्रभाग आणि रक्कम तशीच ठेवा’ अशी करावी. हा शब्दच्छल नव्हे. यादी झाकली जाणे ज्यांच्या सोयीचे आहे, असे लोकही कार्यालयात आणि कार्यालयाबाहेर असतात. ‘नागरिकांनीच खासगीपणाची तक्रार केली’ असे सांगून उद्या सगळीच यादी दडवली गेली, तर तक्रारदाराचा हेतू सफल होणार नाही आणि गावाचे नुकसान होईल.

ही भीती काल्पनिक नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी दोन अटी होत्या. वैयक्तिक माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी असावी लागे. आणि तेव्हाही व्यापक सार्वजनिक हित असेल तर ती देता येई. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण या कलमाखाली पुरेसे ठरते. मात्र दोन दारे उघडी आहेत. कलम ८(२) नुसार सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. आणि कलम १० नुसार कागदातील न देण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावयाचा असतो. ‘नाव खुले, क्रमांक झाकलेला’ या मागणीला कायद्याचा आधार आहे तो या कलम १० चा.

चुका कशा होतात?

मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने चार सरकारी संकेतस्थळांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक कोणालाही दिसतील असे उघडे होते. निवृत्तिवेतन आणि रोजगार हमीच्या याद्यांचा त्यांत समावेश होता. कोणी कुलूप फोडले नव्हते. दारच उघडे ठेवले होते. स्थानिक कार्यालयांतील बहुतेक घटना याच जातीच्या असतात. संगणकावरील तक्त्यातील नको असलेले रकाने न काढता तो तसाच छापला जातो किंवा पुढे पाठवला जातो.

परदेशांतही पालिका याच खड्ड्यात पडल्या आहेत. लंडनमधील इस्लिंग्टन पालिकेने २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून तक्ता पाठवला. वरवर आकडेवारी, पण तक्त्याच्या पोटात घरांसाठी अर्ज केलेल्यांसह २,३७५ जणांचा तपशील दडलेला राहिला आणि तो संकेतस्थळावर उघड झाला. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१३ मध्ये पालिकेला ७० हजार पौंडांचा दंड केला. आपल्याकडे माहिती अधिकाराची उत्तरे आता ई-मेलने जाऊ लागली आहेत; तेव्हा हा धडा येथेही लागू पडतो.

माहिती बाहेर जाते तशी खोटी माहिती आतही येऊ शकते. वाशिमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी ही जेमतेम दीड हजार वस्तीची ग्रामपंचायत आहे. २०२५ च्या उत्तरार्धात अवघ्या तीन महिन्यांत तिच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. ग्रामपंचायतीचे लॉगिन आणि पासवर्ड कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न तेव्हा राज्यभर चर्चिला गेला. नगरपालिकेला विचारावयाचा पहिला प्रश्नही हाच : नोंदी करण्याचा अधिकार कोणाला दिला आहे आणि तो वापरल्याची नोंद ठेवली जाते काय?

आधार क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेल्याने काय होते, हे २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या वेळी दिसले. खारघर येथील एका महिलेचा अर्ज संकेतस्थळ स्वीकारीना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज झालेला होता. तपासाचा धागा सातारा जिल्ह्यातील एका दांपत्यापर्यंत पोहोचला. इतर महिलांचे आधार क्रमांक वापरून अनेक अर्ज भरल्याचा त्यांच्यावर आरोप होता. म्हणजे क्रमांक फुटला की आधी हक्काचा लाभच अडकतो, आणि ज्याला त्या लाभाची सर्वाधिक गरज आहे त्याचाच तो अडकतो.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. नगरपालिका ही राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्था’च असल्याने हा हक्क तिच्याविरुद्धही सांगता येतो.

आधार कायदा, २०१६ च्या कलम २९(४) नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास वा लावण्यास मनाई आहे. अपवाद केवळ विनियमांत सांगितलेल्या कारणांचा. फलकावरील यादीच्या बाबतीत हे कलम सर्वांत उपयोगी पडते. ओळखीची माहिती हेतुपुरस्सर उघड करणाऱ्यास कलम ३७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र ती माहिती नोंदणी किंवा प्रमाणीकरणाच्या ओघात गोळा झालेली असावी लागते. पूर्वी अशा गुन्ह्यांत आधार प्राधिकरणाच्या तक्रारीखेरीज न्यायालय दखल घेत नसे. २०१९च्या दुरुस्तीनंतर काही गुन्ह्यांत आधारधारक स्वतःही न्यायालयात जाऊ शकतो.

प्राधिकरण कारवाई करते काय? मार्च २०१७ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांचा आधारविषयक तपशील केंद्रचालकाने समाजमाध्यमावर टाकला. त्यांच्या पत्नीने केंद्रीय मंत्र्यांकडे दाद मागताच केंद्रचालकाला दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकण्यात आले. नामवंताच्या तक्रारीला मिळालेली ही तत्परता सामान्याच्या वाट्याला येईलच असे नाही. म्हणूनच त्याची तक्रार कागदावर पक्की असावी लागते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३-अ संवेदनशील माहितीच्या हलगर्जीबद्दल भरपाई देते, पण ते कंपन्या व व्यावसायिक संस्थांना लागू आहे. नगरपालिका त्यातून सुटते. तिने नेमलेली खासगी संगणक कंपनी सुटत नाही. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणूक झाली तर कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नव्या कायद्याचे वेळापत्रक

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी ११ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्या अधिसूचनेनुसार माहिती संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी आणि माहिती अधिकार कायद्यातील बदल लगेच लागू झाले. नागरिकांचे हक्क आणि माहिती सांभाळणाऱ्यांची कर्तव्ये मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. माहिती नाकारण्याचा अधिकार आधी आला आणि ती नीट सांभाळण्याची सक्ती मागे राहिली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कर्तव्ये लागू झाल्यावर चित्र पुष्कळ बदलेल. माहिती फुटल्यास मंडळाला आणि बाधित व्यक्तीला कळवणे बंधनकारक होईल. कंत्राटदाराच्या चुकीची जबाबदारीही नगरपालिकेवर राहील. तक्रार आधी नगरपालिकेकडेच करावी लागेल आणि तिचे निवारण जास्तीत जास्त नव्वद दिवसांत व्हावयाचे आहे; त्यानंतर मंडळाचे दार उघडते. सुरक्षेतील हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तीन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हा कायदा केवळ डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीचा आहे. रद्दीतील झेरॉक्सला तो लागू नाही. कायद्याच्या सक्तीने प्रसिद्ध केलेल्या माहितीला तो लागू नाही. आणि दंडाची रक्कम देशाच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून दमडीही मिळत नाही. खोटी वा उगाच छळण्यासाठी केलेली तक्रार मात्र तक्रारदाराला दहा हजार रुपयांपर्यंत महाग पडू शकते.

तक्रारीच्या पायऱ्या

पुरावा. यादी फलकावर असेल तर फलक, कार्यालयाचे नाव आणि यादीचे शीर्षक एकत्र दिसेल असे छायाचित्र काढावे. संकेतस्थळावर असेल तर पत्ता, दिनांक आणि वेळ दिसेल अशी पडद्याची प्रत घ्यावी. कागद रद्दीत सापडले तर ते घरी न नेता दोन साक्षीदारांसमक्ष कोठे, केव्हा, किती सापडले हे लिहून ठेवावे आणि कार्यालयास किंवा पोलिसांस कळवावे. जोडपत्रांतील इतरांचे क्रमांक काळ्या शाईने झाकावेत. पुरावा म्हणून तीच यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे म्हणजे फुटलेली माहिती आणखी फोडणे होय.

मुख्याधिकारी. नगरपालिकेचा प्रशासकीय प्रमुख मुख्याधिकारी असतो. तक्रार त्याच्याच नावे करावी. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि दिनांक घ्यावा. पोच न मिळाल्यास पोचपावतीसह डाकेने पाठवावी. तोंडी तक्रारीला पुढे कोठेही किंमत नसते. हेच गाऱ्हाणे ‘आपले सरकार’ या राज्याच्या तक्रार प्रणालीवरही नोंदवता येते. तेथे मिळणारा क्रमांक जपून ठेवावा.

माहितीचा अर्ज. सोबतच जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा अर्ज करावा. विचारावे ते असे : यादी कोणाच्या आदेशाने लावली, त्या आदेशाची प्रत, संगणकीय काम कोणत्या संस्थेला दिले आहे, त्या करारातील गोपनीयतेची अट, जुने कागद नष्ट करण्याचे आदेश आणि रद्दी विक्रीची कागदपत्रे. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमदुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास वीस रुपये शुल्कासह पहिले अपील; तेथेही दाद न लागल्यास नव्वद दिवसांत माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे अपील.

जिल्हाधिकारी. जिल्ह्यातील नगरपालिकांवर देखरेख ठेवणारी नगर प्रशासन शाखा जिल्हाधिकारी कार्यालयात असते. मुख्याधिकाऱ्याने महिनाभरात काही केले नाही तर आवक क्रमांकाचा हवाला देऊन तेथे जावे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा लोकशाही दिन असतो. त्यासाठीचा अर्ज विहित नमुन्यात आणि आगाऊ द्यावा लागतो. दुसऱ्या सोमवारी विभागीय आयुक्तांचा लोकशाही दिन अमरावतीला होतो. न्यायप्रविष्ट किंवा अपिलात असलेली प्रकरणे तेथे घेत नाहीत, म्हणून माहिती अधिकाराचे अपील आणि हे गाऱ्हाणे वेगवेगळे ठेवावे.

विषयानुसार खास दारे. आधार क्रमांक उघडा पडला असेल तर आधार प्राधिकरणाच्या १९४७ या क्रमांकावर कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. महाराष्ट्रासाठी प्रादेशिक कार्यालय मुंबईला आहे. संकेतस्थळ किंवा संगणक प्रणालीतून माहिती गळत असेल तर केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळवावे. २८ एप्रिल २०२२च्या तिच्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनीही अशी घटना सहा तासांच्या आत कळवावयाची असते. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा, बँकेला कळवावे आणि मगच अर्ज लिहायला बसावे.

दाखल्यातील चूक हे प्रकरण वेगळे आहे. नाव, जन्मदिनांक किंवा मालमत्तेची नोंद चुकली आणि अधिसूचित सेवा असूनही दुरुस्ती मुदतीत झाली नाही, तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली पहिले व दुसरे अपील आणि पुढे आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाविना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

शेवटची पायरी न्यायालयाची. मूलभूत हक्काच्या भंगासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे रिट याचिका करता येते. नगरपालिकेकडून भरपाई मागावयाची तर सध्या न्यायालयाखेरीज सोयीचा मार्ग नाही. तेथे जाण्यापूर्वी वरच्या पायऱ्यांचे कागद हाती असले तर वकिलाचे निम्मे काम झालेले असते.

तक्रारीचा नमुना

तक्रार एका पानाची असावी. भावना थोड्या, तपशील पुरेसे. पुढील मजकूर आपापल्या प्रकरणाप्रमाणे बदलून वापरता येईल :

‘प्रति, मुख्याधिकारी, नगरपरिषद ……. विषय : लाभार्थी यादीत आधार व बँक खाते क्रमांक जाहीर केल्याबाबत. महोदय, दिनांक …… रोजी आपल्या कार्यालयाच्या सूचना फलकावर …… योजनेची यादी लावण्यात आली आहे. तीत अनुक्रमांक …… येथे माझ्या नावापुढे संपूर्ण आधार क्रमांक (शेवटचे चार अंक ……) व बँक खाते क्रमांक छापला आहे. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९(४) नुसार असे प्रकाशन करता येत नाही. तरी विनंती की, (१) हे क्रमांक तत्काळ झाकून नाव, प्रभाग व रक्कम दर्शविणारी सुधारित यादी लावावी. (२) हीच यादी संकेतस्थळावर अथवा अन्यत्र दिली असल्यास तेथूनही क्रमांक काढावेत. (३) माहिती कोणाकोणाकडे गेली ते मला लेखी कळवावे. (४) संबंधित नोंदी चौकशी पूर्ण होईपर्यंत नष्ट करू नयेत. (५) जबाबदारी निश्चित करून केलेल्या कारवाईची माहिती द्यावी. माझी हरकत यादीला नसून क्रमांकांच्या प्रकाशनाला आहे.’

शेवटचे वाक्य गाळू नये. पुढे कोणी या तक्रारीचा आधार घेऊन यादीच गुंडाळू पाहील, तर तेच वाक्य आडवे येईल. तक्रारीत स्वतःचा पूर्ण आधार क्रमांकही लिहू नये. तो कागद दहा टेबलांवरून फिरणार असतो.

तक्रारदाराचे नाव हीही माहितीच

पुष्कळ जण तक्रार करीत नाहीत, त्याचे खरे कारण कायद्याचे अज्ञान नसते. ‘आपले नाव त्याला कळेल’ ही धास्ती असते. ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्यालाच कार्यालयातून अर्जाची प्रत मिळणे, हा माहितीच्या हेळसांडीचा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. माहिती मागणाऱ्याचे नाव किती जपले पाहिजे, याची जाणीव त्यानंतर राज्याला झाली.

कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये एका प्रकरणात म्हटले की माहिती अधिकाराच्या अर्जदाराला सविस्तर पत्त्याची सक्ती करू नये. टपालपेटीचा क्रमांक पुरेसा आहे, आणि त्याचा तपशील विशेषतः संकेतस्थळावर झाकला जावा. केंद्राच्या कार्मिक विभागाने जानेवारी २०१४ मध्ये तो निर्णय सर्व कार्यालयांना कळवला. ज्यांना भीती वाटते त्यांनी या निर्णयाचा उल्लेख अर्जात जरूर करावा. शक्य असेल तेथे प्रभागातील पाच-दहा बाधितांनी मिळून, एकाच मजकुराचे पण स्वतंत्र अर्ज द्यावेत. एकट्या अर्जदारावर दबाव आणणे सोपे असते. दहा आवक क्रमांकांवर तितके सोपे नसते.

आपल्या हाती काय आहे?

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, असे आवाहन केले आणि गैरसमज नकोत म्हणून ते दोन दिवसांत मागे घेण्यात आले. त्यातला उपाय मात्र आजही चालतो : पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्यावे, अथवा २०१८ पासून उपलब्ध असलेला सोळा अंकी आभासी क्रमांक वापरावा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तीवर कशासाठी, कोणत्या कार्यालयाला आणि कधी दिली हे आडवे लिहून स्वाक्षरी करावी. बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवावे. वृद्ध, निरक्षर आणि एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी हे काम घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्याने करून द्यावे. निवृत्तिवेतनाच्या यादीत नाव असते ते बहुधा त्यांचेच.

नागरिकाने कितीही काळजी घेतली, तरी दप्तराची किल्ली कार्यालयाकडेच राहते. यादीतील दोन रकाने काढण्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही की ठराव लागत नाही. यादी छापण्यापूर्वी कोणीतरी ती एकदा वाचावी लागते, इतकेच. ते वाचन होत नाही तोवर, पोच घेतलेला एक पानी अर्ज हेच सामान्य माणसाचे साधन आहे. त्या अर्जानंतर सुधारित यादी फलकावर लागली, आणि तीत नावे व रकमा पूर्वीप्रमाणेच वाचता आल्या, तर तक्रार यशस्वी झाली असे समजावे.